वहिनीचे अडखळते हात

४ तारीख, मंगळवार

दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोलीत फिल्मची एक एडिटर बसते. तिनं सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलंय. म्हणाली, "काकू, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. नाहीतर घाण्याच्या बैलासारख्या तिथल्या तिथे फिराल." मी कोर्टात स्टेनो होते. उभा जन्म दुसऱ्यांचं बोलणं उतरवण्यात गेला. स्वतःचं काही लिहायची ही पहिलीच खेप, तेव्हा पाल्हाळ लागणार हे उघड आहे.

तर मुद्द्याचं. वहिनी जाऊन दोन महिने झाले. आजारपणात, अंगात जरा ताकद होती तेव्हा, तिनं माझ्याकडून स्वतःचं शूटिंग करून घेतलं. दादा आणि वहिनी, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांची भाषा हातांची. घरात फोटोंचा ढीग आहे, पण वहिनीचं म्हणणं होतं, "फोटोत मी मुकी होते." म्हणून फिल्म. गल्लीतल्या फोटोग्राफरनं आपला कॅमेरा दिला, वर बटण सिनेमाच्या खुणेवर लावूनही दिलं. "सेकंदाला चोवीस चित्रं, ताई. पिक्चरसारखं भारदस्त दिसतं." वहिनी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दादाशी ओळख कशी झाली, लग्न, भांडणं, लेक. वीस-एक मिनिटं.

आज दादाला पहिल्यांदा दाखवलं. अर्धं मिनिट पाहिलं असेल नसेल, त्यानं तोंड फिरवलं. मला हातानं विचारलं, "ही तोतरी का झाली?"

मला आधी अर्थच लागेना. मग नीट पाहिलं. तिचा हात वर जाता जाता थिजतो, मग एकदम पुढे उडी घेतो. पुन्हा थिजतो. आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांना हे चालून जातं, कारण आपण आवाज ऐकत असतो. त्यांच्या भाषेत हाताची चाल हाच आवाज.

एका ठिकाणी वहिनी सांगते की लग्नाआधी ती दादाच्या तेव्हाच्या सोफ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी अख्खी संध्याकाळ त्याची वाट पाहत उभी होती. ही खूण करताना हात सावकाश, सलग खाली आणला तर अर्थ होतो खूप वेळ, एकसारखी वाट पाहिली. धक्के देत आणला तर अर्थ होतो अधूनमधून पाहिली, जमेल तशी.

दादा म्हणाला, "अधूनमधून? ती जागची हललीसुद्धा नव्हती."

चहा तसाच टाकून गेला.

५ तारीख, बुधवार

काय बदललं: एडिटरच्या सांगण्यावरून फिल्मची एक हलकी प्रत बनवली. तिचं म्हणणं, माझा कॉम्प्युटर दमेकरी आहे, मूळ फिल्म वजनदार, ती उचलताना त्याला धाप लागते आणि चित्रं गळतात. काम हलक्या प्रतीवर करायचं, शेवटी जड प्रत जागेवर ठेवायची.

काय झालं: मधूनच ठप्प व्हायचं ते थांबलं. बारीक धक्के तसेच. म्हणजे धाप गेली, लंगडणं राहिलं.

तरी एडिटरचे आभार मानायला हवेत. पैसे घ्यायला तयार नाही. म्हणते, "आधी दुखणं सापडू दे." खोकला नसताना दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळते. खालच्या दंतवैद्याचं एक गिऱ्हाईक नक्की.

संध्याकाळी भाचीचा, म्हणजे दादाच्या लेकीचा, फोन. रोजचा प्रश्न, "आत्या, आज कुणाशी बोललीस?" म्हटलं, एडिटरशी. "आणि?" म्हटलं, अगं, तुझ्या बाबांची विचारपूस कर, मी ठणठणीत आहे. ती म्हणाली, "बाबांची केली." पोर गुणाची आहे, पण वहिनीसारखीच, धरलेलं सोडत नाही.

७ तारीख, शुक्रवार

दादा आला आणि काही कारण नसताना माझ्या टेबलाची एक खुर्ची उचलून घेऊन गेला. म्हणे, स्प्रिंग गेली. मी वर्षभर त्याच खुर्चीवर बसतेय, स्प्रिंगची काही तक्रार नाही.

दादा सोफे आणि खुर्च्या शिवतो. तोंडात खिळे धरून गप्पा मारू शकणारा जगातला एकच कारागीर, असं आम्ही म्हणतो. वहिनीनं त्याचं नावही त्यावरूनच ठेवलं होतं: ओठांपाशी दोन बोटं, म्हणजे ओठांत धरलेले खिळे. माझंही नाव तिनंच ठेवलं. तळहातावर पळणारं बोट. स्टेनोचं.

फिल्मचा विषय दादानं काढला नाही. मीही काढला नाही. आज काही बदललं नाही.

८ तारीख, शनिवार

दादा खुर्ची परत घेऊन आला आणि दुसरी घेऊन गेला. टेबलाला सहा खुर्च्या आहेत. या हिशेबानं बरेच दिवस येईल. माणसाला अशा वेळी कामात गुंतवलेलं बरं, म्हणून मी काही म्हटलं नाही. जाताना खिडक्या उघडून गेला. त्याला उकडत असावं.

९ तारीख, रविवार

काय बदललं: प्रोग्रॅममध्ये एक सोय सापडली. दोन चित्रांच्या मधली चित्रं कॉम्प्युटर स्वतःच बनवतो आणि मधली भोकं बुजवतो.

काय झालं: लोणी! वहिनीचे हात पाण्यातल्या माशांसारखे सुळसुळ फिरायला लागले. मला इतका आनंद झाला की दादा येईपर्यंत दारात जाऊन उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी दारात उभी राहिले. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, आहात होय तुम्ही!"

दादाला बसवलं, लावलं. तो पुढे सरकून बघायला लागला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हिनं मला गप्प का म्हटलं?"

मी म्हटलं, कुठे?

"आत्ता. हे बघ, पुन्हा! सारखं गप्प, गप्प."

मी थांबवून एकेक चित्र पुढे नेलं, तेव्हा दिसलं. दादाचं नाव घेताना वहिनीची दोन बोटं ओठांकडे झरकन जातात. मधली चित्रं बनवताना कॉम्प्युटरनं ती दोन बोटं वितळवून एक जाडसर बोट करून टाकलं होतं. ओठांवर एक बोट म्हणजे गप्प. फिल्मभर ती बिचारी नवऱ्याचं प्रेमानं नाव घेतेय आणि दिसतंय काय, तर "गप्प मला भेटायला आला, गप्पला मी विचारलं, गप्प लाजला."

दादा हसायला लागला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. त्याचं हसणं मोठ्यानं असतं, त्याला ते ऐकू येत नाही ना. समोरच्या बाईंची खिडकी उघडली. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"म्हणायची," तो म्हणाला. "खूपदा म्हणायची. पण इथे नाही म्हटलंय."

मी ती प्रत पुसून टाकली. कोर्टात साक्षीदार अडखळला तर आम्ही अडखळल्यासारखंच उतरवायचो. त्याच्या तोंडी सुबक वाक्य घालायचा आम्हाला अधिकार नव्हता. वहिनीच्या हाती घालायचा तर मुळीच नाही.

१० तारीख, सोमवार

एडिटरला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "नवीन चित्रं नकोतच, काकू. आहेत तेवढीच सारख्या वेळानं दिसली पाहिजेत."

मग फाइल उघडून बघितली आणि तिनं तोंडातली गोळी गालात सरकवली. "ही तर तीसची आहे. शूटिंग चोवीसचं म्हणालात ना?"

खोकल्याच्या चार गोळ्या टेबलावर मांडल्या. "ही तुमची चार चित्रं. तीसच्या साच्यात चारांच्या जागी पाच लागतात. पाचवं आणायचं कुठून? मग एकच चित्र दोनदा दाखवायचं. हात तेवढा वेळ थिजतो आणि मग पुढे पळतो. वहिनी तोतऱ्या नाहीत. साचा चुकीचा आहे."

कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर घेताना मी एक फुकटातला प्रोग्रॅम वापरला होता. त्यानं न विचारता चोवीसचं तीस करून ठेवलं. आता मूळ फिल्म हवी. ती कॅमेऱ्याच्या कार्डावर, कार्ड कॅमेऱ्यात, आणि कॅमेरा मी तेव्हाच परत केलेला.

फोटोग्राफरच्या दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, बाहेरगावी लग्नांची कामं घेतलीत, आठवड्यानं येईल.

एडिटरला फोन केला. ती म्हणाली, "काकू, आशा सोडू नका. पण लग्नवाले कार्डं पुसून पुन्हा वापरतात."

१४ तारीख, शुक्रवार

फोटोग्राफर फोन उचलत नाही. भाची म्हणते, मेसेज टाकून ठेव. टाकला. दादाला काही सांगितलं नाही. चौथी खुर्ची गेली.

दुसरं काही सुचत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. लहानपणी दादाचं आणि माझं बोलणं म्हणजे घरगुती खुणा. जेव. ये. पाऊस. बाबा चिडलेत. एवढ्यावर आम्ही तिशी गाठली. भाऊ माझा, पण त्याला काय वाटतं हे मला कधी कळलं नाही, आणि तो रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा. मग वहिनी आली. बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती, तिथे यंत्रांच्या खडखडाटात ऐकणाऱ्या बायकांना घसा फोडून बोलावं लागे आणि हिचं मात्र निवांत चाले. शेवटी सगळ्या बायका हिच्याकडून हातानं बोलायला शिकल्या. कारखाना शिकला, मग मला शिकवायला कितीसा वेळ? मी भांडी घासताना ती समोर उभी राहायची आणि एक खूण नीट केल्याशिवाय पुढची ताटली द्यायची नाही.

सहा महिन्यांनी दादाशी माझं पहिलं खरं भांडण झालं. निवडणुकीवरून. तो मला हट्टी म्हणाला, मी त्याला अडाणी म्हणाले. वहिनीनं दोन्ही हात उंच करून हलवले. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

भाऊ मला तिनं दिला. तिला मी चोवीस चित्रं धड देऊ शकू नये?

१८ तारीख, मंगळवार

सकाळी बेल वाजली. दारात फोटोग्राफर. प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच, घरीही गेला नव्हता. तिकडे फोन पाण्यात पडला, मेसेज काल नवीन फोनवर दिसला, म्हणाला.

मी विचारायच्या आधीच त्यानं पाकिटातून प्लास्टिकची छोटी डबी काढली.

"हे कार्ड मी वापरलंच नाही, ताई. वहिनी गेल्याचं कळलं, त्या दिवशी कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवलं. तुमच्याकडे प्रत असणार हे माहीत होतं, तरी पुसवेना."

त्याला आत बोलवायचंही मला सुचलं नाही. डबी मुठीत धरून नुसती उभी राहिले. तोच म्हणाला, "ताई, चहा देणार असाल तर घेईन." मग दोन कप चहा झाला. त्याच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, बायकोला पाठीचा त्रास. इतकी वर्षं एका गल्लीत राहतो आणि मला यातलं ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला भेटायला जायचं ठरलंय.

देव आहे की नाही यावर दादाशी अनेकदा वाद झालेत. आज वाद घालायच्या मनःस्थितीत मी नाही.

२२ तारीख, शनिवार

काय बदललं: मूळ फिल्म, चोवीसचा साचा. चोवीसात चोवीस.

एडिटरच्या पडद्यावर लावली. पुष्कळ बरी, पण हात आडवा फिरला की किंचित लंगडतो. मला वाटलं आता संपलं. ती म्हणाली, "थांबा, हे दुखणं फिल्मचं नाही, पडद्याचं आहे." पडदा सेकंदाला साठ वेळा उजळतो. चोवीसनं साठाला पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र दोन ठोके थांबतं, पुढचं तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. एक पाय आखूड असलेल्या माणसासारखं. तिनं कुठेतरी आत शिरून पडदा अठ्ठेचाळीसवर आणला. आता प्रत्येक चित्राला दोन ठोके. सगळ्या पोरांना सारखा खाऊ.

आणि वहिनी बोलायला लागली.

तीच ती. मान जराशी वाकडी, खांदा आधी, मग हात. 'वाट पाहिली' आलं. हात छातीपासून निघाला आणि सावकाश, कुठेही न अडता, खाली टेबलापर्यंत गेला. अख्खी संध्याकाळ.

एडिटरला हातांची भाषा येत नाही. तरी तिनं विचारलं, "कुणाची वाट पाहत होत्या?" मी सांगितलं. तिनं नवीन गोळी काढली, पण तोंडात घातली नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून खाली मराठी ओळी बसवल्या, भाचीच्या मुलांसाठी. त्यांना आजीच्या खुणा अजून पुऱ्या येत नाहीत. हातांच्या भाषेत काना, मात्रा, लिंग असलं काही नसतं, मराठीत आणताना ते आपल्यालाच घालावं लागतं. मी मजकूर कागदावरही उतरवून घेतला. उद्या दादा तपासेल.

एडिटर म्हणाली, "त्या सारख्या कॅमेऱ्याच्या वर बघतात. शेवटी तर जास्तच. कुणाकडे?"

"कुणाकडे नाही," मी म्हटलं. "तिथे मीच उभी होते. लेन्समध्ये बघायला सांगायचं राहून गेलं."

"मग छान आहे," ती म्हणाली आणि कामाला लागली. पैशांचं विचारलं तर म्हणाली, घरातलं एखादं माणूस पाठवून सोफा शिवून द्या. तिचा सोफा खरंच वाईट आहे.

२३ तारीख, रविवार

माझ्या घरच्या पडद्याला अठ्ठेचाळीस माहीत नाही, म्हणून दादाकडे गेले. भाचीनं घेऊन दिलेला मोठा टीव्ही तिथे आहे. त्याला चोवीसचं चोवीस दाखवता येतं, असं एडिटरनं सांगितलं होतं. फिल्म लावली आणि दादा उसळला.

"पुन्हा गप्प!"

टीव्हीसुद्धा स्वतःच्या अकलेनं मधली चित्रं बनवत होता. गुळगुळीत दाखवायची हौस. एडिटरला फोन करून ती हौस कुठे बंद करायची ते विचारलं. बंद केली. पहिल्यापासून लावली.

दादा उभ्यानंच बघत होता. वहिनी फाटकाशी उभी राहिली, अख्खी संध्याकाळ तिनं वाट पाहिली, हात सलग खाली गेला. दादाचा हात नकळत तिच्याबरोबर खाली आला. मग तो बसला.

पुढे तिनं सांगितलं की लग्नाचं तिनं विचारलं. दादानं मला खुणावलं, "थांबव."

थांबवलं. तो पडद्यावरच्या वहिनीकडे वळला आणि बोलायला लागला. माझ्याशी नाही, तिच्याशी. "खोटं. मी विचारलं. तू त्या वेळी तुझ्या डब्याकडे बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात तू विचारलंस." सगळं सविस्तर, रागावून, हात मोठे करून. मग मला म्हणाला, "चालू कर."

वहिनीनं अर्थातच आपलंच पुढे दामटलं.

"बघ," दादा म्हणाला, "नेहमीसारखीच."

असं दर दोन मिनिटांनी. थांबव, आता माझी पाळी. सोफ्याचा रंग कुणी निवडला, लेकीनं पहिली खूण आईची केली की दुधाची. मी बटण दाबत होते आणि हसत होते. वीस मिनिटांची फिल्म संपायला दुपार गेली.

शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे. वहिनी हात खाली ठेवते, थोडा वेळ नुसती बघते, मग पुन्हा उचलते: मी नसले तरी भांडायला येत जा, एकट्यानं राहू नकोस. मी खाली ओळ घातली होती, "मी नसले तरी भांडायला येत जा. एकटा राहू नकोस."

दादानं ओळ वाचली. फिल्म थांबवायला सांगितली. मग कागद मागितला.

दादाचं लिहिण्याचं मराठी कच्चं. जन्मात न ऐकलेल्या भाषेचं लिंग कोण लक्षात ठेवणार? अजूनही चिठ्ठीत "मी बाजारात गेली" असं लिहितो, आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्त करते. त्यानं कापडावर खुणा करायचा निळा खडू खिशातून काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, 'टा'चा काना खोडला आणि त्याला मोठी थोरली दुसरी वेलांटी काढली.

"माझ्याशी भांडायला ती मला कशाला येत जा म्हणेल?" तो म्हणाला. "मी तर घरातच आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. ती थांबलेली होती, कॅमेऱ्याच्या जरा वर बघत.

दादानं माझं नाव घेतलं. तळहातावर बोट पळवलं, वहिनी पळवायची तसं. मग स्वयंपाकघरात गेला आणि दोन ताटल्या घेऊन आला.

उद्या एडिटरकडे जाऊन एक अक्षर बदलायचं आहे. दादालाही बरोबर नेईन, सोफ्याचं माप घ्यायला.